रुखमाचं नागपूर

छप्पन सालच्या दिवाळीत नागपूरची राजधानी मुंबईला गेली आणि माझी बायको नागपूरला. राजधानी गेल्याचं दुःख आमच्या गावात कोणालाच झालं नाही. बायको गेल्याचं मलाही आठ-दहा दिवस झालं नाही. भाऊबीजेला भावाकडे गेली, येईल, असं धरून चाललो होतो. पण धान कापून झालं, चुरून दाणा घरात आला, तरी रुखमाचा पत्ता नाही. उलट निरोपच आला, 'मी इथीच राहीन म्हणा. त्याईले वाटलं तं त्याईनंबी यावं. भाऊ गिरणीत लावून देते.'

रुखमा म्हणजे, धानाच्या रोवणीत तिच्या बरोबरीनं चालेल अशी बाई आरमोरीपर्यंत नव्हती. बोलायची कमी. बोलली की उत्तर सुचायला समोरच्याला दुसरा दिवस उजाडायचा. मला तर सोळा वर्षांत एकदाही वेळेवर सुचलं नाही.

शेजारचा डोमाभाऊ म्हणाला, "वारलू, बायको आणाले जाऊन राह्यला, का तूबी तिथीच राहाले?"

"आणाले. दोन दिवसांत आणतो."

"मंग रिकाम्या हातानं नको जाऊ. सोयऱ्याचं घर हाये."

म्हणून नव्या चिन्नोराचा तांदूळ कांडून घेतला आणि थैली भरली. असा वासाचा तांदूळ नागपूरच्या राजालाही मिळायचा नाही, अशा तोऱ्यात थैली मांडीवर घेऊन वडशाहून छोट्या गाडीत बसलो. नागभीडला गाडी बदलली. तिथून नागपूरच्या इतवारी स्टेशनापर्यंत भाषण पाठ केलं. घर सुनं पडलं, ढोरं दावणीला हंबरतात, भात रोज करपतो, असं सगळं त्यात होतं.

रुखमाचा भाऊ पत्रू कापडगिरणीजवळच्या वस्तीत एका खोलीत राहायचा. पोचलो तेव्हा चार वाजले असतील. रुखमा दारात बसली होती. नुसती बसली होती. मांडीवर कागद, कागदात आलूबोंडा. सोळा वर्षांत दिवसाउजेडी तिला बसलेली मी पाहिली नव्हती.

"आले?" ती म्हणाली. "बसा. खाऊन पाहा."

बोलायच्या आधी घसा मोकळा करावा म्हणून एक बोंडा खाल्ला. मग दुसरा खाल्ला. दुसऱ्याबरोबर भाषण पोटात गेलं, ते पुन्हा वर आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पत्रूनं हॉटेलात चनापोहे खाऊ घातले. आमच्याकडे सकाळी अंबिल, दुपारी भात आणि रात्री भात, बरोबर लाखोळीचं वरण. त्या जिभेला चनापोहे म्हणजे जत्राच. संध्याकाळी गोळीचा सोडा प्यालो. नाकातून वारा आला तेव्हा वाटलं, जीवच चालला. वाचलो म्हणून आणखी एक प्यालो. नळाखाली तर दिवसातून चारदा पाय धुवायचो.

"जवाईबापू," पत्रू म्हणाला, "नळ पळून नाई जात. बंद करत जा."

दोन दिवसांचे नऊ झाले. बायको न्यायचं रोज सकाळी आठवायचं, पोह्याच्या वेळेपर्यंत टिकायचं. नवव्या दिवशी पत्रूनं विचारलं, "गिरणीत बोलू काय मंग?"

मी म्हणालो, "उद्या सांगतो." खरं म्हणजे तोंडात 'हो'च आला होता.

त्याच दुपारी त्यांच्या डब्यातला तांदूळ संपला. पत्रूच्या बायकोनं, मंगलीनं, कोपऱ्यातली माझी थैली सोडली. वास खोलीभर पसरला. रुखमा दारातून उठून आत आली.

"थांब, मंगली." तिनं मूठभर तांदूळ हातात घेऊन नाकाशी नेला. "हा यंदाचा हाये."

"मंग? सोयऱ्याच्या घरी जुना आणू काय?" मी ऐटीत म्हणालो.

"घरी नवा केला?"

माझी ऐट तिथंच संपली. नवा करणं म्हणजे नवीन धानाचा पहिला भात घरच्या बाईनं कोऱ्या मडक्यात रांधायचा, पळसाच्या पानावर देवापुढं ठेवायचा, मग घरानं खायचा. त्याच्या आधी तो दाणा खायचा नाही, कोणाला द्यायचाही नाही. मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. दर साली देवामागून पहिला घास माझाच असायचा. पण करणारी घरात असली की करायची आठवण खाणाऱ्याला कशाला राहील?

"तू इथी," मी म्हणालो, "नवा कोण करन?"

"म्हून देवाच्या आधी रेल्वेले दाखवला?"

मंगली तोंडाला पदर लावून हसली. पत्रू म्हणाला, "बाई, इथीच ठेव ना पानावर."

"देव तिथी हायेत. ते गिरणीत नाई लागले अजून."

तिनं थैलीला दोन गाठी मारल्या. त्या दिवशी मंगलीनं शेजारून तांदूळ आणला.

"सकाळची गाडी कितीले हाये?" रुखमानं विचारलं.

"उद्याच?" मी म्हणालो. "दोन दिवस थांबू ना."

तिनं मला खालून वर पाहिलं. "तुमी थांबा. थैली माह्यासंग येईन."

इतवारीला शेवटचे पोहे खाताना माझी गाडी सुटता सुटता राहिली. रुखमा थैली मांडीवर घेऊन कधीची आत बसली होती.

गावात डोमाभाऊनं विचारलं, "कशी आणली बे?"

"डोकं लागते, भाऊ. नवा न करताच तांदूळ नेला मुद्दाम. आता येणार नाई तं जाईन कुठी?" ही बढाई मी पुढं कितीतरी वर्षं मारली. त्या दिवशी रुखमानं ती अंगणातून ऐकली आणि नुसतं हसून घेतलं, तेव्हाच मी सावध व्हायला पाहिजे होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं नवा केला. देवाला पान ठेवलं, डोमाभाऊला वाढलं, पहिला घास त्यालाच दिला. मला सगळ्यांच्या मागून. भात खाऊन मी लवंडलो. आमच्या गावात घड्याळ नव्हतं, पण सावली गोठ्याच्या खांबाला टेकली की चार वाजतात. सावली टेकली. रुखमा हातातला झाडू ठेवून दारात जाऊन बसली.

"काय झालं?" मी विचारलं.

"चार वाजले," ती म्हणाली. "चाय मांडा."

तेव्हापासून मांडतो आहे. कापणी असो, रोवणी असो, सावली खांबाला टेकली की मी चुलीपुढं. गिरणीत लागलो असतो तर निदान रविवारची सुट्टी असती.