सहभागी क्रमांक सात आणि शेवाळाचं पोतं

सहभागी क्रमांक : ७. लिंग : स्त्री. वय : सत्त्याहत्तर. उंची : पाच फूट, बुटांसह. व्यवसाय : पारंपरिक ज्ञानधारक. ज्ञानाचा विषय : दलदलीतलं शेवाळ. भाषा : क्री (इथल्या आदिवासींची); इंग्रजी, मनात आलं तर. सहकार्याची पातळी : मध्यम. शेरा : सहभागी मुलाखत घेणाऱ्यालाच प्रश्न विचारते.

डांबरी वाळूतून तेल काढणाऱ्या खाणीने नेमलेल्या सल्लागारांनी व्हिक्टॉरीन बुशेची केलेली ही नोंद. त्यांनी तिला तीनदा दलदलीत फिरवून आणलं होतं. "शेवाळाबद्दल काय सांगाल?" असं विचारल्यावर ती म्हणाली होती, "मेलंय." अहवालात उतरलं ते असं : 'सहभागीस वनस्पतींमध्ये काही बदल जाणवतो.'

बदल तसा फार नव्हता. खाणीने चर खणले, दलदलीचं पाणी चरात उतरलं, वर रस्त्याची धूळ बसली. जिथे व्हिक्टॉरीनच्या आईचा पाय घोट्यापर्यंत रुतायचा, तिथे आता शेवाळ पापडासारखं कुरकुरत होतं आणि त्यातून गवत डोकं वर काढत होतं. एरवी व्हिक्टॉरीनने यावर नुसतं नाक मुरडलं असतं. पण नात शेल्बीला नववा लागला होता. बाळ येण्याआधी पणजीने त्याला गुंडाळायच्या पिशवीत लंगोटाऐवजी भरायचं शेवाळ निवडून, वाळवून ठेवायचं असतं. मूस हरणाच्या कातड्याच्या त्या पिशवीत, त्याच शेवाळात, व्हिक्टॉरीनने पाच मुलं आणि अकरा नातवंडं कोरडी वाढवली होती. एकालाही कधी पुरळ उठलं नव्हतं. गावात तिची पत काय ती एवढीच, आणि ती तिला पुरेशी होती.

"आजी, दुकानात डायपर मिळतात गं," शेल्बी म्हणाली.

"मिळतात की. प्लास्टिकची फुलंही मिळतात. माझ्या थडग्यावर तीच ठेव."

दुसऱ्या दिवशी तिने धाकट्या भावाला, आंब्रोजला, त्याच्या ट्रकसकट कामाला लावलं. आंब्रोज सत्तरीचा होता आणि अजून तिच्यासमोर सिगारेट ओढत नसे. दोन ठिकाणी शेवाळ तपकिरी निघालं. तिसऱ्या ठिकाणी हिरवट दिसलं म्हणून तिने मूठभर पिळलं, बोटं एकमेकांवर घासली आणि जमिनीवर टाकून दिलं. बोटांवर पिठासारखी धूळ राहिली.

"अक्का, ते तांबडं तरी घे. तिथे ढीगभर आहे."

"तांबड्याने खाज सुटते. तू कसा वाढलास विसरलास का? वर्षभर ढुंगण खाजवत होतास."

आंब्रोज ट्रकशी बोलायला लागला.

चौथ्या ठिकाणी, जुन्या सर्वेक्षणात दोरी लावल्यासारखी झाडं कापून काढली होती त्या पट्टीच्या टोकाला, एका स्प्रूसच्या झाडाच्या फांदीवर पोतं टांगलेलं होतं. अस्वलाचा हात पोहोचणार नाही इतकं उंच, अगदी रीतीप्रमाणे. शेजारच्या काठीवर जाळीच्या पाच-सहा पुरचुंड्या लटकत होत्या. व्हिक्टॉरीनने आंब्रोजला पोतं उतरवायला लावलं, आत हात घातला आणि बराच वेळ काढलाच नाही.

शेवाळ होतं. फिकं, लांब धाग्यांचं, कापसाहून हलकं. त्यात काडी नाही, पान नाही, मुंगी नाही.

"कुणाचा हात आहे हा!" ती म्हणाली. "आंब्रोज, पलीकडच्या गावात कुणाला दिवस गेलेत?"

"मला काय माहीत? मला कोण सांगतंय."

"जी कोणी आहे, बाई गुणी आहे. त्या पुरचुंड्या मात्र नुसती हौस."

कुणी टांगलेलं शेवाळ सापडलं आणि आपल्या घरी बाळ येणार असेल, तर अर्धं घ्यावं, अर्धं ठेवावं आणि मागे काहीतरी ठेवावं, ही रीत. व्हिक्टॉरीनने अर्धं घेतलं आणि पोत्यात चहाचा पुडा ठेवला. पुडा चर्चच्या पत्रकात गुंडाळलेला होता आणि पत्रकावर तिचं नाव होतं, त्या गुणी बाईने भेटायला यावं म्हणून.

गुणी बाई दुसऱ्या दिवशी दुपारी आली. तिला लाल दाढी होती आणि तिच्या अंगात सल्लागारांचं नारिंगी जाकीट होतं. नाव नोलन. हातात चहाचा पुडा, प्लास्टिकच्या पिशवीत सीलबंद. वर चिठ्ठी : 'नमुना १२-अ. वनस्पतिजन्य पदार्थ, अनोळखी.'

"मॅडम, हा तुमचा आहे का?"

"चहा आहे तो. उकळून प्यायचा. शेवाळ तुझं?"

"हो. म्हणजे प्रकल्पाचं."

"निवडलं कुणी?"

"मीच. चिमट्याने. तीन आठवडे लागले."

व्हिक्टॉरीनने त्याच्या पोटाकडे नीट पाहिलं. "कितवा?"

खिडकीत उभी असलेली शेल्बी खो-खो हसली आणि पोट धरून खाली बसली. नोलन दाढीइतकाच लाल झाला. मग त्याने समजावून सांगितलं. हे शेवाळ लांबच्या स्वच्छ दलदलीतलं. ते जाळीत घालून खाणीभोवती टांगायचं, म्हणजे हवेतली धूळ आणि त्यातलं जे काही विष असेल ते शेवाळ शोषून घेतं. दोन महिन्यांनी प्रयोगशाळेत...

व्हिक्टॉरीनच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. बाळाची पिशवी मागे टेबलावर होती, भरून, नाडी ओवून.

"कधी टांगलंस?"

"परवा संध्याकाळी. पोतं तर बंदच होतं. उरलेल्या पाच ठिकाणी लावायचं होतं."

तिने पिशवीतलं शेवाळ काढून उजेडात धरलं, बोटांवर घासलं, नाकाला लावलं, जिभेचं टोकही लावलं. बोटं स्वच्छ निघाली. ती खुर्चीत बसली.

"ते परत हवंय मला," नोलन हळूच म्हणाला. "ते नसेल तर किती धूळ पडते ते सिद्धच होणार नाही."

"मी सांगितलं होतं की. तीनदा."

"तुम्ही सांगितलंत की ते 'काही बदल' होतं, मॅडम. शेवाळाने सांगितलं की आकडा होतो."

यावर तिने चक्क मान डोलावली. असं क्वचित होई, म्हणून आंब्रोजने दारात उभं राहून ते नीट पाहून घेतलं. धुळीचा आकडा तिलाही हवा होता, शेल्बीच्या पोरीच्या पोरीसाठी. आणि शेवाळ हवं होतं, या आठवड्यासाठी.

"पोत्यात ठेवलंय ते धरून पाच ठिकाणांना अजून किती लागतं?"

"एवढं." त्याने दोन ओंजळी दाखवल्या.

तिने पिशवीतून दोन ओंजळी मोजून दिल्या. त्याने आभार मानले, तेव्हा तिने हात पुढे केला. "आता ती दलदल कुठे आहे ते सांग."

"ते गोपनीय आहे. माणसांनी जाऊन बिघडवू नये म्हणून."

"म्हणजे मी."

नोलनने बुटांकडे पाहिलं. शेवटी म्हणाला, "सांगून उपयोग नाही. वायव्येला, डोंगरापलीकडे. रस्ता नाही. हेलिकॉप्टरने चाळीस मिनिटं."

व्हिक्टॉरीनने विचार केला. बाळ वर्षभर तरी पिशवीत राहतं.

"तू परत कधी जातोस?"

"महिन्याला एकदा."

"तुझ्या कागदात जादा नमुना असं काही असतं का?"

"...असतं."

"निवडू नकोस. निवडायचं मी बघते. चहा घे."

त्या हंगामाच्या अहवालात, पान एकशे बारावर, बारीक अक्षरात नोंद आहे : 'केंद्र १२ : राखीव साठ्यात घट. कारण : वन्य प्राणी, मोठा, प्रौढ, मादी. प्रतिबंधक उपाय : प्राण्यास नियमित जादा नमुना उपलब्ध करून देण्यात येत आहे. सहभागी क्रमांक ७ च्या पारंपरिक शेवाळ-वापरावर प्रकल्पाचा लक्षणीय परिणाम आढळला नाही.'

मुलगी नऊ सप्टेंबरला झाली. तिचं शेवाळ हेलिकॉप्टरने येतं.