नियम अकरावा: पडलेलं पान

माझे सासरे वजनमापे निरीक्षक होते. निवृत्त झाले ते फक्त कागदोपत्री. मी पहिल्यांदा या घरी आले तेव्हा माझं नाव विचारायच्या आधी त्यांनी विचारलं, "तुमच्या किराणावाल्याचा काटा शेवटचा कधी तपासलाय?" मला वाटलं, माणूस गमत्या दिसतोय. लग्नानंतर आठवड्याभरात तो गैरसमज फिटला. हा माणूस आयुष्यात कधी गंमत करत नाही, आणि म्हणूनच त्याच्या घरात हसू आवरत नाही.

दर रविवारी दुपारी तीनला आमच्या जेवणाच्या टेबलावर पोकर चालतो. खेळणारे चौघे: बाबा म्हणजे सासरे, आई म्हणजे सासूबाई, मागच्या गल्लीतले शिंपीकाका आणि मी. माझा नवरा खेळत नाही. त्याचं म्हणणं, ऑफिसात एक साहेब आहे तेवढा पुरे. आम्ही पैसे लावत नाही, बटणं लावतो. शिंपीकाका ती पत्र्याच्या डब्यातून आणतात. शर्टाचं बटण एक, कोटाचं पाच.

खेळ सोपा आहे. प्रत्येकाला पाच पानं वाटायची. हातात निदान गुलामांची जोडी असेल त्यानेच बोली सुरू करायची. मग नको असलेली पानं बदलायची, तीनपर्यंत. पुन्हा बोली, आणि शेवटी ज्याचा हात भारी त्याची सगळी बटणं. लोकांच्या घरी याचे हजार प्रकार चालतात म्हणे. कुणी दुर्रीला जोकर धरतं, कुणी सगळ्यात हलक्या हाताला जिंकवतं, कुणी एक पान डावीकडच्याला द्यायला लावतं. आमच्याकडे तसलं काही नव्हतं. बाबांच्या वहीत अकरा नियम होते, बावीस वर्षं तेच, आणि वहीवर दोनशे ग्रॅमचं पितळी वजन ठेवलेलं. नियम वाऱ्याने उडू नयेत म्हणून असावं.

अकरावा नियम आईंमुळे आला होता. हात हलका असला की त्या एखादा एक्का टेबलावर पाडायच्या आणि म्हणायच्या, "अगंबाई, हात सैल झाला!" बाकीचे घाबरून पानं टाकून द्यायचे, आणि आई भिकार पानांवर बटणं गोळा करायच्या. बाबांनी वहीत लिहिलं: ज्याचं पान उघडं पडलं त्याचा डाव बाद. आई चार दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. नियम राहिला.

मग गेल्या वर्षी शिंपीकाकांचा उजवा हात थरथरायला लागला. दुकान मुलीने हातात घेतलं. काका काउंटरमागे बसून तिच्या कापण्यात चुका काढायचे आणि रविवारची वाट बघायचे. पण पाच पानं पंख्यासारखी धरायची तर हात स्थिर लागतो. पहिल्या रविवारी त्यांचं पान तीनदा पडलं, दुसऱ्या रविवारी सहादा. दर वेळी बाबांच्या आधी तेच म्हणायचे, "अकरावा. डाव बाद," आणि उरलेली पानं पालथी ठेवायचे.

आता मी हुशार. बाजारातून पानं उभी करायची लाकडी पट्टी आणली. काकांनी ती उलटसुलट करून पाहिली. "छान आहे. मुलीला मोजपट्टी ठेवायला होईल," म्हणाले आणि खिशात टाकून घरी घेऊन गेले. जिन्यात मला म्हणाले, "सूनबाई, फुकट शिवून मागणारा मला चालतो. कीव करणारा चालत नाही."

पुढच्या रविवारी नऊ डावांत त्यांचे सात डाव बाद झाले. डबा बंद करताना ते म्हणाले, "पुढच्या रविवारचं काही सांगता येत नाही. दुकानात कामं फार आहेत."

कामं मुलगी करत होती. हे आम्हाला माहीत होतं, आणि आम्हाला माहीत आहे हे त्यांनाही.

बाबांना या जगात मित्र एकच. नोकरीत त्यांनी इतक्या दुकानदारांचे काटे जप्त केले की निम्मा बाजार त्यांना पाहून शटर ओढतो. एका शिंप्याचीच गजपट्टी बरोबर निघाली होती, तिथून ही मैत्री. तो येईनासा झाला तर हा माणूस रविवारी दुपारी काय करणार, असा विचार मनात आला. (दुसराही विचार आला. हा माणूस रविवारी दुपारी स्वयंपाकघरात येऊन माझे डबे मोजणार.)

आठवडाभर बाबा वहीत काहीतरी लिहून खोडत होते. शनिवारी ते स्वतः दुकानात जाऊन काकांना म्हणाले, "उद्या ये. नियम बदलतोय. सगळ्या खेळाडूंची हजेरी लागेल."

काका आले. बावीस वर्षांत नियम बदलला नव्हता, ते बघायला कुणीही आलं असतं.

बाबांनी चष्मा पुसून वाचायला सुरुवात केली. दुर्री जोकर. एक पान डावीकडे द्यायचं. हलका हात जिंकणार. गुलामांच्या जोडीची अट रद्द. बदलायची पानं तीनऐवजी चार. आणि सगळ्यात शेवटी, घसा खाकरत, भराभर: "अकराव्यात किरकोळ दुरुस्ती. पान उघडं पडलं तर डाव बाद नाही. ते पान त्याच्यापुरतं जोकर. हवं ते पान म्हणून धरावं."

चहाच्या निमित्ताने आई मला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या आणि कानाशी पुटपुटल्या, "ताकाला जाऊन भांडं लपवतायत. लपवता तरी यावं!"

पहिला डाव पाऊण तास चालला. हलका हात जिंकणार म्हटल्यावर जोकरचं करायचं काय, हे कुणालाच कळेना. मी दिलेलं पान फिरून माझ्याकडेच आलं.

"अहो, जिंकलं कोण?" आईंनी विचारलं.

"तपासतोय," बाबा म्हणाले आणि वही उलटीकडून वाचू लागले.

शेवटी मतदान झालं. नवे नियम एकमताने रद्द, फक्त अकराव्याची दुरुस्ती कायम, कारण तिच्या बाजूने आईंनी दोन्ही हात वर केले होते. कारण लगेच कळलं. पुढच्या डावात त्यांचं पान पडलं. "अगंबाई, हात सैल झाला!" मग माझं पडलं. मग बाबांनीही एक चौकटची तिर्री पाडली, इतक्या काळजीपूर्वक, की काच ठेवतोय असं वाटावं.

"थांबा!" शिंपीकाकांनी टेबलावर हात आपटला. "हे पडलं नाही, पाडलंय! आपोआप पडेल तेच जोकर. लिही वहीत."

"ते ठरवणार कोण?" बाबांनी विचारलं.

"मी. या टेबलावर पडण्याचा अनुभव कुणाला आहे?"

बाबांनी लिहून घेतलं. त्या दिवशी काकांची चार पानं पडली, चारही जोकर, आणि काका डबा भरून बटणं घेऊन निघाले. मी जिन्यापर्यंत गेले. ते म्हणाले, "तुझ्या सासऱ्याला खोटं शिवता येत नाही. टाका दिसतो."

"मग आता येणार नाही?" मी विचारलं.

"येईन की. बिचाऱ्याने आयुष्यात पहिल्यांदा मापात पाप केलंय. वाया कशाला घालवू?"

तेव्हापासून खेळ सुरळीत चालू आहे. म्हणजे दर रविवारी भांडण. काका न्यायाधीश म्हणून महाखडूस निघाले. आईंची पानं दर रविवारी निदान पाचदा पडतात आणि काका मानही वर न करता म्हणतात, "वहिनी, पाडलं." माझं एकदा शिंक येऊन खरोखर पडलं, तरी "पाडलं." वर्षभरात त्यांनी स्वतःखेरीज कुणाला एक जोकर दिला नाही.

परवाच्या रविवारी बाबांच्या हातातून बदामची सत्ती निसटली. बाबांनी ती उचलायला हात पुढे केला आणि ती चटकन उचलली जाईना. बोटं पानाच्या कडेवर नुसती घसरत राहिली. ते घाईघाईने म्हणाले, "पाडलं मी. मुद्दाम पाडलं. धरू नका."

काकांनी पानाकडे पाहिलंच नाही. बाबांच्या हाताकडे बराच वेळ पाहिलं.

"पडलं," ते म्हणाले. "जोकर."

"कीव करतोस?"

"कीव तुझ्या वहीत कुठल्या नियमात बसते ते दाखव. नाहीतर बोली लाव."

बाबांनी वहीकडे पाहिलं, वजनाकडे पाहिलं, आणि कोटाचं एक बटण पुढे सरकवलं. आम्ही पुढे आणखी सहा डाव खेळलो. आईंचा हात त्या दिवशी पुन्हा एकदाही सैल झाला नाही.