हिरवी नाडी

काल आमच्या जुन्या आइस हॉकी टीमचा इतिहास ग्रुपवर आला. टीम आता व्यावसायिक लीगमध्ये खेळते, खालच्या गटात का होईना. पहिल्याच पानावर फोटो होता आणि खाली लिहिलं होतं, 'आमचा पहिला गोलकीपर, रोहन.'

फोटो बघताच ओल्या रबरी मॅटचा वास आठवला. घाटकोपरच्या मॉलमधला तो बर्फाचा रिंक आम्हाला दुकानं उघडण्याआधी तासभर मिळायचा. त्या सकाळी आम्ही पहिली मॅच जिंकलो. गोलमध्ये मी होते, दादाचे क्रिकेटचे पॅड बांधून. मांड्या काळ्यानिळ्या झाल्या होत्या.

मग स्पॉन्सर आले. आमचे कोच सर म्हणाले, "फोटोपुरते पॅड रोहनला दे गं. तो उंच दिसतो."

"सॉरी यार, पाचच मिनिटं," रोहन कुजबुजला.

मी पॅड सोडले आणि वाकून त्याच्या पायांना बांधूनही दिले. तेव्हा मला मी समजूतदार वाटले होते. आज त्या समजूतदारपणाचीच जास्त चीड येते, सरांपेक्षाही.

फोटो मोठा करून पाहिला. डाव्या पॅडचा पट्टा तुटला म्हणून आईने स्वतःच्या परकराची हिरवी नाडी शिवून दिली होती. ती स्पष्ट दिसतेय.

ग्रुपवर मी कधीच काही लिहीत नाही. काल लिहिलं, "पहिली गोलकीपर मी होते. रोहन, ती हिरवी नाडी तुझ्या पायाला कोणी बांधली, सांग ना."

मग फोटोतल्या नाडीभोवती लाल गोल काढून तोही खाली टाकला. या वेळी हे पाच मिनिटांत संपणार नाही.