हसल्याशिवाय भूल नाही

आमच्या हाडवाल्या डॉक्टरांइतका सुरकुत्यांवर जीव असलेला माणूस पुण्यापासून सोलापूरपर्यंत शोधून सापडायचा नाही. लोक सुरकुत्या घालवायला काय काय चोपडतात. या गृहस्थांना दुसऱ्याच्या तोंडावर एखादी ठसठशीत सुरकुती दिसली की गुप्तधन सापडल्याचा आनंद व्हायचा. बारामतीत डोळ्याभोवतालची मोडलेली हाडं बसवण्यात त्यांचं उभं आयुष्य गेलं. मी त्यांचा भुलीचा डॉक्टर. अठरा वर्षं टेबलाच्या डोक्याशी बसून मी हा माणूस सहन केला. एकदा एका लग्नात आम्ही शेजारी शेजारी जेवायला बसलो होतो. नवरीचे मामा जिलबीचा आग्रह करत आले, तर हे त्यांच्या तोंडाकडे एकटक बघत राहिले आणि म्हणाले, "मामा, तुमच्या पापणीवर लई झकास घडी हाय. जपा तिला." मामा जे गेले ते पुन्हा आमच्या पंगतीकडे फिरकले नाहीत, आणि माझी दुसरी जिलबी बुडाली.

डॉक्टर मूळचे अंथुर्ण्याचे. शिकून आले, नाव झालं, पण बोलणं गावचं ते गावचंच राहिलं. त्यांच्या शेतावर गेलं की मला अर्धा मैल वळसा घालून चालवत. समोर विहीर दिसते आहे, मध्ये एक बांध, तो ओलांडला की झालं, पण नाही. "वाट असताना बांध कशापायी तुडवायचा?" हेच त्यांचं शेतातलं तत्त्व आणि हेच टेबलावरचं. डोळ्याच्या खोबणीपर्यंत पोचायला वाटा पुष्कळ असतात. वरच्या पापणीच्या घडीतून जाता येतं, खालची पापणी उलटून आतल्या गुलाबी अस्तरातून जाता येतं, ओठ वर करून हिरडीच्या वरूनही गालाचं हाड गाठता येतं. फारच चुरा झाला असेल तर केसांमागून, या कानापासून त्या कानापर्यंत छेद घेऊन कपाळच खाली सरकवतात. डॉक्टर प्रत्येक तोंडाची वाट निराळी धरत. काम झाल्यावर आपण आत शिरलो होतो हे कुणाला कळता कामा नये, एवढाच त्यांचा हट्ट.

या हट्टापायी त्यांची एक रीत होती. पेशंट हसल्याशिवाय ते कातडीवर पेनाची रेघ ओढत नसत, कारण खरी घडी कुठे पडते ते माणूस हसल्यावरच कळतं, आणि घडीत घेतलेला छेद घडीतच लपतो. आता ज्याचं तोंड फुटलंय तो हसणार कसा? त्यासाठी डॉक्टरांकडे तीन विनोद होते. फक्त तीन, आणि तिन्ही म्हशीचे.

एकदा सुप्याच्या बाजारातले शेळ्यांचे व्यापारी चाचा आले. बोकडाच्या धडकेने त्यांचं गालाचं हाड आत बसलं होतं. त्या दिवशी यादी मोठी होती, मला घाई होती; मी चाचांना झोपवून टाकलं. डॉक्टर पेन घेऊन आत आले आणि थबकले.

"झोपवलंस?"

"मग काय ओवाळू?"

"हसलं व्हतं का ते?"

रेघ राहिली हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं.

"उठव त्यास्नी."

अठरा वर्षांत असा हुकूम मला दुसऱ्या कुणी सर्जनने दिला नाही. मी चरफडत चाचांना उठवलं. अर्धवट गुंगीत त्यांनी विचारलं, "झालं का, डॉक्टरसाब?"

"न्हाय चाचा. अजून तुमचं हसायचं ऱ्हायलंय."

चाचांनी क्षणभर छताकडे पाहिलं आणि गाल धरून असे हसले, की डोळ्याच्या कोपऱ्याशी तीन सुरेख रेघा उमटल्या. डॉक्टरांनी त्यातली मधली निवडली. पुढे चाचा दर ईदेला शीरखुर्मा घेऊन यायचे आणि म्हणायचे, "कुठं कापलं ते दाखवा बघू." डॉक्टरांनाही ते दाखवता यायचं नाही, आणि त्या न दाखवता येण्याचाच त्यांना कोण अभिमान.

मग माझीच पाळी आली. इंदापूरहून स्कूटरवर येताना ट्रॉलीतून रस्त्यावर पडलेल्या उसावरून चाक घसरलं. हेल्मेट होतं, हँडलला लटकवलेलं. डोळ्याखालची हाडाची पातळ पाटी फुटली आणि मला एकाचे दोन दिसू लागले. एका शिरेच्या दोन शिरा दिसणाऱ्या भूलवाल्याच्या हाती कोण जीव देईल? माझं काम कायमचं सुटणार या भीतीने मी रात्रंदिवस पोखरला गेलो होतो.

ऑपरेशनच्या सकाळी डॉक्टर पेन घेऊन आले. पहिला विनोद सांगितला, दुसरा सांगितला. तिसरा त्यांनीच अर्ध्यावर सोडला. मी हे तिन्ही हजारदा ऐकलेले. हसू येईना, उलट डोळ्यांत पाणी आलं. म्हटलं, "नाही जमत हो. मला भीती वाटतेय."

"मलाबी वाटतीया," ते म्हणाले. त्यांनी पेनाचं टोपण लावलं, पुन्हा काढलं. मग माझी हनुवटी धरून खालच्या पापणीखाली त्यांनी एक रेघ ओढली, सावकाश, न थांबता.

"पण मी हसलो कुठे?" मी विचारलं.

"आरं, मास्कच्या वर तुझं तेवढंच तर तोंड दिसतं मला. इतकी वरसं समोर बसून तेच बघतोय. तुझी घडी मला पाठ हाय."

डोळा बरा झाला. शीर पुन्हा एकच दिसू लागली आणि मी पुन्हा टेबलाच्या डोक्याशी जाऊन बसलो. गेल्या दिवाळीनंतर डॉक्टर गेले. आता समोर एक हुशार तरुण मुलगी ऑपरेशनं करते. हात फार चांगला आहे तिचा, पण ती विनोद सांगत नाही, फोटो काढते. मला करमत नाही, हे खरंच सांगून टाकतो.

कधी कधी सकाळी दाढी करताना मी त्यांच्या छेदाची ती रेघ शोधतो. त्यांची एवढीच एक वस्तू माझ्यापाशी उरली आहे. चेहरा अगदी गंभीर ठेवून, उजेडाकडे वळून, श्वास रोखून पाहिलं तर एक केसाएवढी फिकी रेघ दिसल्यासारखी वाटते. तेवढ्यात "उठव त्यास्नी" आठवतं, मला हसू येतं, घडी पडते, आणि रेघ तिच्यात निघून जाते.