लेकीचं जेवण

माझी लेक जेवते, याचा मला अभिमान आहे. वाचून कुणाला हसू येईल, येऊ दे. ती बोर्डात पहिली आली असती तरी मी एवढ्या ताठ मानेनं चाललो नसतो.

अकरावीत तिचं खाणं कमी होत गेलं. आधी तेल-तूप सुटलं, मग चपाती, मग आमच्याबरोबर बसणंच. हात भर उन्हाळ्यात गार, पाळी बंद. नेहमीच्या डॉक्टरांनी भुकेचं टॉनिक दिलं, थायरॉईड तपासलं, पण काही निघालं नाही. शेवटी त्यांनीच मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. त्या बाईंनी तिला झोपवून आणि उभं करून नाडी मोजली, रक्त तपासलं, ईसीजी काढला. मग आम्हा दोघांना बाहेर बसवून तिच्याशी बराच वेळ बोलल्या. नंतर आम्हाला आत घेऊन म्हणाल्या, नुसत्या वजनावरून हा आजार ठरत नाही. वाळून गेलेली पोरगी आरशात स्वतःला जाडच दिसते, आणि प्रत्येक घासाला तिला वजन वाढायची भीती वाटते. याला ॲनोरेक्सिया म्हणतात. हा हट्ट नव्हे, नाटक तर नव्हेच. नाडी फार मंद होती. ती वाढली नाही तर ॲडमिट करावं लागणार होतं.

"सध्या तिचं औषध म्हणजे जेवण," त्या म्हणाल्या, "आणि ते तुम्ही द्यायचं."

काय आणि किती वाढायचं ते आम्ही ठरवायचं, ताट संपेपर्यंत शेजारी बसायचं, नंतरही तिला एकटं सोडायचं नाही. दर आठवड्याला वजन, तेही आकडा तिला दिसू नये म्हणून काट्याकडे पाठ करून, आणि समुपदेशन. शिवाय जेवताना खाण्याबद्दल किंवा अंगकाठीबद्दल चकार शब्द काढायचा नाही. कोल्हापूरच्या माणसाला रश्श्याबद्दल बोलू नका म्हणणाऱ्या बाई धाडसीच म्हणायच्या. आम्ही मग फुटबॉलवर बोलू लागलो. ऑफसाइड म्हणजे काय हे ठाऊक नसलेली तिची आई रेफ्रीला शिव्या देऊ लागली. पोरगी रडत चावायची, कधी ताट ढकलून द्यायची. आई ते पुन्हा तिच्यापुढं ओढायची. असे महिने गेले. नाडी वर आली, ॲडमिट करावं लागलं नाही. पण वजन वाढलं म्हणजे भीती गेली असं समजू नका, असं बाईंनी बजावलं होतं.

पुढं कागलला पुतणीचं लग्न निघालं. बाहेर, चारचौघांत, ती पहिल्यांदाच जेवणार होती. बुद्धवंदना झाली, लग्न लागलं, आम्ही पंगतीला बसलो. तेवढ्यात माझी थोरली बहीण समोर आली. आमच्याकडं मायेनं विचारपूस करायची तर एक ठरलेलं वाक्य असतं, आणि तिनं ते अख्ख्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हटलं.

"तब्येत सुधारली की गं तुझी."

बिचारीच्या मनात कौतुकच होतं. पण या आजाराला त्यातून एकच ऐकू येतं: जाड झालीस. लेकीचा हात ताटातच थांबला. आईनं घाईघाईनं मॅचचा विषय काढला. वर्षभराची मेहनत एका वाक्यात पाण्यात गेली असं मला वाटलं, आणि बहिणीचा भयंकर राग आला.

लेकीनं मान वर करून आत्याकडं बघितलं.

"व्हय आत्या," ती म्हणाली, "लई रडून सुधारलीया."

आणि वाढप्याला हाक मारून तिनं भात मागितला. भीती कुठंच गेली नव्हती. तरी तिनं भात कालवला आणि खाल्ला.