डोईपट्टीची रजिस्टरं आणि कुमुदकाकू

कुमुदकाकू न लागणाऱ्या एका अक्षरापाशी तासभर बसून राहत, पण अंदाजाने काही लिहीत नसत. परदेशातल्या आमच्या उपनगरात, गिरावीनला, त्या माझ्या शेजारी, मुलाकडे, निखिलकडे, तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. साथीत सीमा बंद झाल्या आणि त्या इथेच अडकल्या. काका पुण्यात एकटे राहिले.

काकूंची सगळी नोकरी सरकारी दप्तरखान्यात झालेली. रिकामं बसवेना, म्हणून निखिलने त्यांना इथल्या एका इतिहास मंडळाचं ऑनलाइन काम मिळवून दिलं. ब्रिटिश अमदानीत जहाजातून इथे उतरणाऱ्या चिनी माणसांकडून डोईपट्टी, म्हणजे दर माणशी कर, घेत. त्या रजिस्टरांचे फोटो बघून नावं टाइप करायची.

मी वेस्टमीडच्या हॉस्पिटलात पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. शिफ्टवरून आले की कुंपणाच्या अलीकडून-पलीकडून आमच्या गप्पा चालत. "अर्ध्या लोकांची नावं 'आ'ने सुरू होतात," त्या एकदा म्हणाल्या. "ती हाक आहे गं, आपल्या 'अरे'सारखी. कारकुनाने हाकच नाव म्हणून लिहून घेतली." एका दुकानदाराच्या नोंदीत 'बायको एक, मुलं तीन' एवढंच होतं. निखिल म्हणाला, "आई, टाक ना काहीतरी, फॉर्म ब्लँक घेत नाही." काकूंनी 'नाव नोंदलेलं नाही' असं टाइप केलं. "आपल्या मनाने माणूस तयार करायचा नाही," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या लाटेत काकांना ताप भरला. शेजाऱ्यांनी दवाखान्यात पोचवलं, आणि तिसऱ्या दिवशी ते गेल्याचा फोन आला. विमानं बंद होती. अंत्यसंस्कार महापालिकेच्या माणसांनी उरकले. काकू रडल्या नाहीत. दोन दिवसांनी कुंपणापाशी येऊन त्यांनी विचारलं, "तू हॉस्पिटलात असतेस. शेवटी कुणी असतं का गं जवळ?"

माझ्याकडे येतात त्या बारकोड लावलेल्या रक्ताच्या नळ्या, माणसं नाहीत. तरी मी म्हणाले, "असतं, काकू. सिस्टर हात धरून बसतात."

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि त्या आत गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून त्या पुण्याला फोन लावू लागल्या. आधी नंबर लागेना, लागला तर कुणी धड बोलेना. अकराव्या दिवशी त्या वॉर्डातली सिस्टर मिळाली. काकूंनी तिला नाव, वय, खाट, सगळं सांगितलं. ती म्हणाली, त्या दिवशी बरेच जण गेले, तुमचे कोणते ते मला आठवत नाही. जवळ बसायला कुणालाच वेळ नव्हता.

हे सांगताना काकू पहिल्यांदा रडल्या. "निदान ती खरं बोलली," त्या म्हणाल्या. मला मान वर करता आली नाही.

विमानं सुरू झाल्यावर त्या पुण्याला निघाल्या. निखिल गाडीत बॅगा ठेवत होता. मी कसंबसं म्हणाले, "काकू, मी वॉर्डात कधी पाऊलसुद्धा टाकलेलं नाही."

"ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "तेव्हाच कळलं होतं. पण त्या रात्री मला झोप लागली."