काजळाचे ठिपके

सौंसरच्या आमच्या घरातील एक जुने कॅलेंडर मी जपून ठेवले आहे. त्यावर पत्नीने काजळाने दिलेले ठिपके अजून दिसतात. तिला जाऊन दोन वर्षे झाली.

लग्नाला सहा वर्षे होऊनही आम्हाला मूल नव्हते. पांढुर्णा हे तिचे माहेर. तिथल्या एका डॉक्टरांकडे गेलो. पाळी किती दिवसांनी येते, असे त्यांनी विचारले. अशा प्रश्नाचे उत्तर तेव्हा नवराच देत असे. पुस्तकात अठ्ठावीस वाचले होते. मी अठ्ठावीस म्हणालो. त्यावरून डॉक्टरांनी गर्भधारणेचे दिवस कागदावर लिहून दिले. तो कागद मी वर्षभर काटेकोरपणे पाळला. उपयोग झाला नाही.

पौषात, बोरगावच्या वाटेवरील संत्र्याच्या बागेला मी ताण दिला होता. बहार यावा म्हणून पाणी तोडले होते. शेतीखात्याच्या पुस्तिकेतला पाणी सोडण्याचा दिवस उलटून गेला होता. पण आमची जमीन काळी, भारी. पाने अजून मलूल झाली नव्हती, म्हणून मी थांबलो होतो. पत्नी शिदोरी घेऊन आली आणि भाकर पुढे ठेवत म्हणाली, "तो कागद माह्या कामाचा नाही. मले पाळी उशिरा येते."

"डॉक्टरले समजत नाही, अन् तुले समजते?"

"पुस्तकातले दिवस सरले, तरी तुमी पान पाहून राहिले. झाडाच्या पानावर भरोसा हाय तुमचा, बायकोवर नाही."

मी जेवलो. घरी येऊन आईला विचारले. पाळीचे चार दिवस सून बाहेर बसे आणि चूल आईकडे येई.

"माह्या गुडघ्याले विचार," आई म्हणाली. "पाच-सहा हप्ते आराम भेटते त्याले. अठ्ठावीस म्हणे! चुलीपुढं तू बसतं का?"

त्याच आठवड्यात नागपूरची बस धरली. सरलेल्या वर्षाचे कॅलेंडर गुंडाळून पत्नीने मांडीवर धरले होते. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तोच प्रश्न विचारला. मी तोंड उघडले.

"तुम्हाला नाही, यांना विचारते आहे."

पत्नीने कॅलेंडर टेबलावर पसरले. पाळीचा मोठा ठिपका, पोटात एका बाजूला कळ येई त्या दिवसाचा लहान.

"हे इतके दिवस कुठे होतं?"

"सैपाकघरात," ती म्हणाली. "उन्हातबी थंडी वाजते मले. तेबी लिहून घ्या."

बाईंनी लिहून घेतले. "कुठे पाहायचं ते यावरून कळलं. पाळी का लांबते, ते मात्र रक्तच सांगेल. तपासणी दोघांची होईल."

माझ्यात दोष निघाला नाही. तिच्या रक्तात थायरॉईड कमी निघाले. ते आमच्यापैकी कोणाच्याही नजरेला दिसणारे नव्हते. गोळ्या सुरू झाल्या. स्त्रीबीज कधी सुटते ते पाहायच्या सोनोग्राफीसाठी बाईंनी कागदावरचे दिवस सोडून तिच्या लहान ठिपक्यांच्या आसपासचे दिवस धरले. नव्या कॅलेंडरवर ठिपक्यांमधले अंतर हळूहळू कमी होत गेले.

अठ्ठावीस हा आकडा माझा होता. तिने तो मला पुन्हा कधी ऐकवला नाही, आणि चुकलो असे मीही कधी म्हणालो नाही. म्हणायला हवे होते.

जपून ठेवलेले कॅलेंडर त्या नव्या वर्षाचे आहे. मुलगी माहेरी आली की ते काढून पाहते. शेवटचा ठिपका श्रावणातला आहे. त्यापुढची पाने कोरी आहेत.